दोन महिन्यांनंतरची तारीख मिळाली आहे, तोवर करायचं काम

प्रश्न : माझी आई ५६ वर्षांची, वजन ६० किलो. भांडुपच्या बाजारात मासळी विकते. गळ्याची गाठ बारा-तेरा वर्षांपासूनची आहे. दुखत नव्हती म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. आता उताणं झोपलं की तिला घुसमटतं, भाकरीचा घास अडकतो, छाती धडधडते, वजनही उतरलंय. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन, थायरॉइड जास्त चाललं की हे उतरतं) ०.०२ आलं, टी-फोर (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) वाढलेलं. सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना गाठी, सगळ्यात मोठी ५.८ सेंटिमीटर, आणि 'खालचं टोक दिसत नाही' असा शेरा. सुईच्या तपासणीत बेथेस्डा २. कार्बिमाझोल (थायरॉइडचं हार्मोन कमी करणारी गोळी) चालू आहे, पण बरं वाटलं की ती गोळी सोडून देते. महापालिकेच्या रुग्णालयात पूर्ण थायरॉइड काढायला सांगितलंय आणि दोन महिन्यांनंतरची तारीख दिलीय. एका खासगी रुग्णालयाने गळ्यावर व्रण न ठेवता, काखेतून दुर्बिणीने करू म्हणून साडेतीन लाख सांगितले. शेजारी म्हणतात, आयोडीनचे थेंब द्या, गाठ विरघळेल. आईला एकच धास्ती आहे : आवाज गेला तर धंदा कसा करायचा? कर्ज काढून खासगीत जावं का?
– एक मुलगी, भांडुप

उत्तर : कर्ज काढू नका. शस्त्रक्रिया मात्र टाळू नका.

आईंना दोन वेगळे त्रास एकाच ग्रंथीमुळे होत आहेत. एक म्हणजे गाठी स्वतःच्या मनाने जास्त हार्मोन बनवतात, म्हणून धडधड आणि वजन उतरणं. दुसरा म्हणजे वाढलेली ग्रंथी श्वासनलिका आणि अन्ननलिका दाबते. गोळीने पहिला त्रास आटोक्यात येतो, दुसरा येत नाही. किरणोत्सारी आयोडीनचं औषध काही रुग्णांना चांगलं लागू पडतं, पण त्याने अशी ग्रंथी वर्षभरात साधारण ४० टक्के आकसते आणि सुरुवातीला थोडी सुजूही शकते. श्वास आधीच घुसमटत असताना ती जोखीम कशाला? बेथेस्डा २ म्हणजे सुईत आलेल्या पेशी साध्या गाठीच्या आहेत, कर्करोगाच्या दिसत नाहीत. हा दिलासा खरा आहे. पण इतक्या मोठ्या गाठीत सुई एकाच कोपऱ्यातून जाते, म्हणून शेवटचा शब्द शस्त्रक्रियेनंतरच्या बायोप्सीचा.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेबद्दल स्पष्टच सांगतो. ती लहान, साध्या, गळ्यातच असलेल्या गाठींसाठी आहे. 'खालचं टोक दिसत नाही' याचा अर्थ ग्रंथी छातीच्या हाडामागे उतरली असावी. तिथे उतरलेली, जवळजवळ सहा सेंटिमीटरची, जास्त हार्मोन बनवणारी ग्रंथी काखेतून काढायला जाणं आईंसाठी योग्य नाही. गळ्याच्या घडीत घेतलेला आडवा छेद वर्षभरात बारीक रेघेसारखा होतो. मासळीच्या पाट्यामागे बसलेल्या बाईच्या गळ्यावरची रेघ लपवायला साडेतीन लाखांचं कर्ज नको.

यंत्रांच्या बाबतीतही तेच. रक्तवाहिन्या बंद करणारं महागडं हत्यार वेळ वाचवतं, पण दोऱ्याने नीट बांधलेली गाठ तितकीच सुरक्षित असते. आवाजाची नस ओळखणारा मॉनिटर मदतीला चांगला आहे, पण डोळ्यांनी नस शोधून तिला जपणाऱ्या सर्जनची जागा तो घेत नाही. निकाल ठरतो हातावर. वर्षाला २५ किंवा त्याहून जास्त पूर्ण थायरॉइड काढणाऱ्या सर्जनच्या रुग्णांना आवाजाचा आणि कॅल्शियमचा त्रास (हे दोन्ही काय, ते पुढे येईल) कमी होतो, असं अभ्यासांतून दिसलं आहे. परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर आणि भायखळ्याचं जे.जे. ही शिकवणारी मोठी रुग्णालयं आहेत. तिथे राज्यभरातून रुग्ण येतात आणि मोठे, जुने गलगंड नेहमी पाहण्यात असतात. 'शिकाऊ डॉक्टर कापतील' या भीतीने लोक पळतात. तसं करण्याऐवजी युनिटच्या ओपीडीच्या वारी केसपेपर घेऊन जा आणि सरळ विचारा : तुमच्या युनिटमध्ये वर्षाला किती थायरॉइड होतात? शस्त्रक्रियेच्या वेळी वरिष्ठ सर्जन टेबलाशी असतील का? आधी आणि नंतर स्वरयंत्र दुर्बिणीने पाहणार का? कॅल्शियमचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो का? चांगलं युनिट या प्रश्नांनी चिडत नाही.

आता त्या दोन महिन्यांबद्दल. लोकांना ते वाया गेलेले वाटतात, पण आईंच्या बाबतीत शस्त्रक्रियेची निम्मी सुरक्षितता याच दिवसांत तयार होते.

सगळ्यात आधी गोळी. हार्मोन वाढलेलं असताना भूल दिली आणि ग्रंथी हाताळली, तर हार्मोनचा लोंढा रक्तात येऊ शकतो : ताप चढतो, नाडी बेफाम होते, जीवही जातो. याला थायरॉइड स्टॉर्म म्हणतात. म्हणून कार्बिमाझोल एकही दिवस चुकता कामा नये. सोबत नाडी संथ ठेवणारी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी डॉक्टर देतात. आईंना दमा असेल तर ते आधी सांगा, कारण प्रोप्रॅनोलॉलने श्वासनलिका आवळते. घरच्या घरी एक काम करा : सकाळी उठल्यावर, अंथरुणातच, पूर्ण एक मिनिट नाडी मोजून वहीत लिहा. ती रोज ८० ते ९० च्या खाली राहायला लागली की औषध लागू पडतंय. ठोके अनियमित वाटले, मधला ठोका गाळल्यासारखा वाटला, तर तारखेची वाट न पाहता ईसीजी काढा. जास्त हार्मोनमुळे हृदयाची लय बिघडते आणि मग भूलतज्ज्ञ फिटनेस देत नाहीत.

इथे नेहमी एक घोटाळा होतो. टी-थ्री, टी-फोर पाच-सहा आठवड्यांत नॉर्मलला येतात, पण टीएसएच पुढे कित्येक आठवडे, कधी महिने, तळालाच राहतं. मग घरी कोणी तरी रिपोर्ट पाहून 'औषधाचा उपयोगच होत नाही' म्हणतं आणि गोळी बंद होते. तसं करू नका. शस्त्रक्रियेची तयारी टी-थ्री, टी-फोर आणि नाडीवर ठरते. आई केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी घेत असतील, तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ती बंद ठेवा. तिने रिपोर्ट खोटे येतात.

कार्बिमाझोलचा एक धोका घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. क्वचित, आणि बहुधा पहिल्या ३ महिन्यांत, ते पांढऱ्या पेशी एकदम खाली आणतं. ताप आला, घसा खूप दुखू लागला किंवा तोंड आलं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, करा. 'पावसाळी सर्दी असेल' म्हणून क्रोसिन देऊन झोपवू नका.

शेजाऱ्यांचे थेंब अजिबात नकोत. ल्युगोल्स आयोडीन हे खरं औषध आहे. ग्रेव्हज नावाच्या, सगळी ग्रंथीच जास्त चालणाऱ्या आजारात शस्त्रक्रियेआधी सात ते दहा दिवस ते मुद्दाम देतात. पण आईंच्या ग्रंथीत स्वतःच्या मनाने चालणाऱ्या गाठी आहेत आणि आयोडीन हा त्यांचा कच्चा माल. त्या थेंबाच्या एका टिपक्यात सहा मिलिग्रॅमच्या आसपास आयोडीन असतं, म्हणजे माणसाच्या सुमारे ४० दिवसांच्या गरजेएवढं. रोजच्या आयोडीनयुक्त मिठाची मात्रा त्याच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणून घरातलं मीठ आहे तेच राहू द्या. याच कारणाने सीटी स्कॅन करताना सांगा की थायरॉइड जास्त चालतं. ग्रंथी छातीत किती उतरली आणि श्वासनलिका किती दाबली गेली हे साध्या, रंग न देता केलेल्या सीटीतही कळतं. शिरेतून द्यायच्या रंगात आयोडीनच असतं. हाडामागे उतरलेल्या बहुतेक ग्रंथी गळ्यातूनच निघतात. छातीचं हाड उघडण्याची वेळ क्वचित येते. पण सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनी ते चित्र आधी पाहिलेलं असलं पाहिजे, कारण दबलेल्या नळीत श्वासाची ट्यूब घालणं हे वेगळं कसब आहे.

व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम आत्ताच तपासून घ्या. डी कमी असेल तर ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी आठ आठवडे देण्याची पद्धत आहे, आणि तुमच्याकडे जवळजवळ तेवढेच आठवडे आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच द्या, पण विसरू देऊ नका. याचं महत्त्व पुढे कळेल.

कान-नाक-घसा विभागात स्वरयंत्र पाहून घेणंही तारखेआधीच उरकायचं. एका बाजूची स्वरपट्टी अधू असूनही बोलणं साफ असू शकतं, कारण दुसरी बाजू भार उचलते. ते आधी कळलं नाही आणि नेमकी चांगली बाजू दुखावली, तर प्रश्न आवाजापुरता राहत नाही, श्वासाचा होतो.

आता आईंची भीती. ग्रंथीच्या मागे, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या खाचेतून दोन्ही बाजूंना एकेक बारीक नस स्वरयंत्राकडे जाते. सराव असलेल्या हातात ती कायमची दुखावण्याचं प्रमाण १ ते २ टक्के आहे. तात्पुरता घोगरेपणा जास्त जणांना येतो, आणि तो नस ताणल्यामुळे किंवा नुसत्या भुलेच्या ट्यूबमुळेही असतो. आईंच्या धंद्याच्या दृष्टीने आणखी एक नस महत्त्वाची, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. ती ग्रंथीच्या वरच्या टोकाजवळून जाते आणि वरच्या पट्टीचा, लांब फेकायचा आवाज तिच्यावर असतो. ती दुखावली तर माणूस घरात व्यवस्थित बोलतो, पण बाजारात हाळी द्यायला गेला की आवाज चढत नाही, पटकन थकतो. म्हणून सर्जनना आवर्जून सांगा : 'आई मासळी विकते, ओरडावं लागतं.' वरच्या टोकाच्या रक्तवाहिन्या एकत्र न बांधता ग्रंथीला चिकटून एकेक बांधल्या, तर ही नस वाचते. दोन आठवड्यांनंतरही आवाज बसलेला असेल, किंवा पाणी पिताना ठसका लागत असेल, तर स्वरयंत्र पुन्हा पाहून आवाजाचे व्यायाम लगेच सुरू करा. ते मोठ्या रुग्णालयांत आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत शिकवतात. ताणलेली नस सुधारायला ६ महिने ते वर्ष लागू शकतं. तोवर कुजबुजत बोलू नका, कुजबुजण्याने घशावर उलट ताण येतो.

पूर्ण ग्रंथी का काढायची, थोडी ठेवली तर गोळी लागणार नाही ना, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण घरात कोणी तरी विचारेलच. प्रश्न जुना आहे. स्वित्झर्लंडचे सर्जन थिओडोर कोखर यांना थायरॉइडवरच्या कामासाठी १९०९ मध्ये नोबेल मिळालं. त्यांनीच १८८३ मध्ये दाखवून दिलं होतं की पूर्ण ग्रंथी काढलेले रुग्ण पुढे शरीराने आणि बुद्धीने मंदावत जातात. तेव्हा ग्रंथीचं हार्मोन भरून काढणारी गोळी नव्हती. म्हणून दोन्हीकडे थोडी ग्रंथी राखायची पद्धत पडली, आणि जिथे औषध पोचत नाही अशा भागात आजही सर्जन ती राखतात. मुंबईत ती गोळी, म्हणजे थायरॉक्सिन, गल्लीतल्या दुकानात मिळते आणि स्वस्त आहे. उलट राखलेल्या तुकड्यात काही वर्षांनी पुन्हा गाठी येतात, आणि जुन्या व्रणात चिकटलेल्या नसेजवळ दुसऱ्यांदा कापणं पहिल्यापेक्षा कितीतरी धोक्याचं. आईंसारख्या दोन्हीकडच्या गाठींना पूर्ण काढणं हाच चांगला निर्णय आहे. पण त्याची अट आहे रोजची गोळी, जन्मभर. बरं वाटलं की गोळी सोडणाऱ्या माणसाच्या बाबतीत याची जबाबदारी घरच्यांनीच उचलायची.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळची नाडीची गोळी डॉक्टरांनी सांगितल्यास घोटभर पाण्याबरोबर द्या. उपाशी ठेवायचं म्हणून ती बंद करू नका. पहिल्या रात्री वॉर्डात आईंजवळ बसणारा माणूस जागा राहणारा हवा. टाक्यांच्या आत रक्तस्राव झाला तर गळा आतून दाबला जातो. हे क्वचितच होतं, शंभरात एखाद-दोघांना, पण साधारण निम्म्या वेळा पहिल्या सहा तासांत आणि बहुतेक वेळा २४ तासांच्या आत. गळा फुगतोय, पट्टी आवळतेय, बसून राहावंसं वाटतंय, श्वासाला आवाज येतोय, यांतलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी सिस्टर आणि रेसिडेंट डॉक्टरांना हाक मारा. वेळ पडली तर टाके खाटेवरच उघडावे लागतात. जखमेतलं रक्त बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळीत रक्त दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. गुठळीने नळीच तुंबलेली असते.

ही रात्र पार पडली की धोका टळला असं सगळे समजतात, आणि नेमकी तिथेच चूक होते. ग्रंथीच्या मागे मसुरीच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी चिकटलेल्या असतात. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. त्यांचा रक्तपुरवठा अगदी नाजूक असतो. कितीही जपलं तरी काही दिवस त्या गारठतात. एखादी काळी पडलीच तर सर्जन तिचे बारीक तुकडे करून मानेच्या स्नायूत रुजवतात. पूर्ण थायरॉइड काढल्यावर चार-पाच जणांत एकाला तरी कॅल्शियम काही काळ कमी होतं. कायमचं राहण्याचं प्रमाण चांगल्या हातात १ ते ३ टक्के. आईंचं हार्मोन बराच काळ जास्त होतं, त्याने हाडं झिजलेली असतात. शस्त्रक्रियेनंतर ती भुकेल्यासारखं कॅल्शियम ओढून घेतात. त्यात व्हिटॅमिन डी आधीच कमी असेल तर घसरण आणखी मोठी.

आता वेळ पाहा. कॅल्शियम सगळ्यात खाली जातं दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. घरी सोडतात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणजे रिपोर्ट चांगला म्हणून सोडलेला माणूस भांडुपच्या घरी रात्री आजारी पडतो. खूण ठरलेली आहे : ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या. मग हातांची बोटं आपोआप वळतात, पोटऱ्यांत गोळे येतात. याला अशक्तपणा समजून लिंबूपाणी देत बसू नका. मुंग्या येताच कॅल्शियमच्या जास्तीच्या गोळ्या किती द्यायच्या हे डिस्चार्जच्या वेळी कागदावर लिहून घ्या. साधारण ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या सांगतात. तासाभरात फरक पडला नाही, किंवा बोटं वळली, तर सकाळच्या लोकलची वाट पाहू नका. जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा आणि 'थायरॉइड काढलंय, कॅल्शियम कमी झालंय' हेच शब्द सांगा. तिथे शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट हळूहळू, हृदयाकडे लक्ष ठेवून देतात. सोडण्यापूर्वी २४ आणि ४८ तासांचे दोन रिपोर्ट मागा : आकडा किती यापेक्षा तो खाली जातोय की वर चढतोय हे महत्त्वाचं. घरी पाठवताना बहुधा कॅल्शियम कार्बोनेट दिवसातून तीनदा आणि कॅल्सिट्रिऑल (व्हिटॅमिन डीचं तयार रूप) देतात. मुंग्या थांबल्या म्हणून ते एकदम बंद करायचं नसतं. रिपोर्ट पाहून टप्प्याटप्प्याने उतरवतात.

थायरॉक्सिनची मात्रा वजनाच्या किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे आईंना १०० च्या आसपास. गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि चहा अर्ध्या ते एका तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिला आतड्यात धरून ठेवतात, म्हणून मध्ये ४ तास हवेत. आई पहाटे साडेतीन-चारला उठून ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावर माल घ्यायला जात असतील, तर उठल्या उठल्या गोळी, चहा धक्क्यावर पोचल्यावर, पहिलं कॅल्शियम साडेआठ-नऊच्या न्याहारीबरोबर, मग दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर. हे जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून थायरॉक्सिन रात्री, जेवणानंतर तीन तासांनी घेता येतं; मग रात्रीचं कॅल्शियम संध्याकाळीच उरकायचं. पावसाळ्यात गोळ्या मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, शेगडीपासून लांब ठेवा. दमटपणाने आणि उष्णतेने या औषधाची ताकद उतरते. कंपनी बदलली तर सहा आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा. पहिलं टीएसएच शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवड्यांनी, मात्रा बसली की वर्षातून एकदा-दोनदा.

खर्चाचं म्हणाल तर महापालिकेच्या रुग्णालयात मुख्य भार बाहेरून आणायच्या औषधांचा आणि तपासण्यांचा असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांच्या, म्हणजे सरकारी योजनेचं काम पाहणाऱ्या मदतनीसांच्या टेबलावर जा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. आईंची शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात कोणत्या पॅकेजमध्ये बसते ते आणि आधीची मंजुरी, दोन्ही दाखल होण्यापूर्वी पक्कं करा. नंतर धावपळ करून मंजुरी मिळत नाही. रेशनकार्डावर आईंचं नाव आधारप्रमाणे आहे का, हे आजच पाहा. एका अक्षराच्या फरकाने कागद अडतो. उरलेल्या खर्चासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा, कोणता ट्रस्ट कशाला मदत करतो ते त्यांना ठाऊक असतं.

धंद्याला परतण्याचं : बसून विक्री दोन-तीन आठवड्यांनी, मोठ्याने हाळी महिन्याने. डोक्यावर पाटी मात्र सहा आठवडे नाही. मानेचे स्नायू बाजूला सारून ग्रंथी काढलेली असते, बर्फासकट भरलेल्या पाटीचं ओझं त्यांच्यावर येता कामा नये. तेवढे दिवस माल उचलायला माणूस आत्ताच ठरवून ठेवा.

आणि बायोप्सीचा रिपोर्ट. तो दहा ते पंधरा दिवसांनी येतो आणि टाके सुकल्याच्या आनंदात बरेच जण तो आणायलाच जात नाहीत. पॅथॉलॉजीची पावती केसपेपरला टाचून ठेवा, तारीख कॅलेंडरवर लिहा आणि रिपोर्ट घेऊन सर्जनना पुन्हा भेटा. त्यात पॅपिलरी नावाच्या थायरॉइडच्या कर्करोगाचा लहानसा ठिपका निघाला तरी घाबरू नका. हा सगळ्यात बऱ्या होणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे, आणि ग्रंथी पूर्ण निघालेली असल्याने बहुधा पुन्हा कापावंही लागत नाही. पुढचा सल्ला टाटा रुग्णालयात घ्या. किरणोत्सारी आयोडीन लागलंच तर ते देणारं भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटरही परळलाच आहे.